लक्ष्मीबाई नगरच्या बाल्कनीतली राख

शुक्रवार २६ डिसेंबर ते रविवार २८ डिसेंबर. पहिला दिवस नदी, दुसरा रिज, तिसरा बनी.

हजर: मी. माझा धाकटा भाऊ श्रीकांत, केंद्र सरकारच्या नोकरीत, मुक्काम लक्ष्मीबाई नगर. त्याची बायको मेधा. त्यांची मुलगी इरा, वय नऊ. नोएडा आणि गुडगावहून आलेले पाच पालक आणि त्यांची आठ मुलं. अशफाक शेख, परभणी जिल्ह्यातला, दिल्लीत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, तीन दिवस आमच्या मदतीला. एकूण अठरा.

गैरहजर: फरीदाबादच्या पलीकडच्या एका गावातल्या सरकारी शाळेची बावीस मुलं. ती अर्ध्या वाटेपर्यंत आली होती.

आपल्या रविवारच्या नदीफेरीच्या मंडळींनी परत आल्यावर विचारलं, "कशी झाली दिल्ली?" मी "छान" म्हणाले. ते पुरेसं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

निमंत्रण श्रीकांतचं. तिथल्या मराठी कुटुंबांचा एक छोटा गट आहे. गणपती, हळदीकुंकू, दिवाळी फराळ हे त्यांचं नेमाने होतं. यंदा मेधाला वाटलं, नाताळच्या सुट्टीत मुलांना घराबाहेर काढावं. नदी दाखवावी, रान दाखवावं, जनावरांच्या खुणा ओळखायला शिकवाव्यात, आणि तेही मराठीतून. मुलांचं मराठी पातळ होत चाललंय. "ताई, तू पुण्यात करतेस तसंच कर," श्रीकांत म्हणाला. कॉलेजच्या परीक्षा विभागात माझी सव्वीस वर्षं गेली. बैठक क्रमांक, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, सीलबंद पाकिटं. मला एखादं काम दिलं की मी आधी यादी करते. दिल्लीची यादी सात पानांची झाली. प्रत्येक दिवसाची वेगळी, डब्यांची वेगळी, औषधांची वेगळी, नियमांची वेगळी.

यमुना

दिल्लीत सकाळी उठल्यावर लोक एकमेकांना हवेचा आकडा विचारतात. आपण पुण्यात "पाणी आलं का?" विचारतो, त्याच सुरात. शुक्रवारी तो आकडा वाईट होता. दोन आयांनी मुलांना मास्क लावून आणलं. घाटावर पोचलो तेव्हा धुक्यात पलीकडचा काठ नव्हताच.

"नदी कुठेय?" एका मुलाने विचारलं. तो नदीपासून दहा पावलांवर उभा होता.

मग पक्षी आले. हिवाळ्यात उत्तरेकडून कुरव येतात, पांढरे, चपळ, हजारांनी. लोक नावेत बसून त्यांना शेव टाकतात. नाववाले एक लांब हाळी घालतात, आणि धुक्यातून अख्खा थवा डोक्यावर येतो. मुलं ओरडली. मी पण ओरडले असेन. नंतर मी त्यांना सांगितलं की तळलेली शेव पक्ष्यांचं अन्न नाही. मुलांनी हातातल्या पुड्या खाली केल्या, आणि एकीने ती शेव स्वतः खाल्ली.

आपण मुठेत करतो ती ताटलीची चाचणी केली. पांढऱ्या ताटलीवर काळी फुली, ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडायची, फुली दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. आमच्या नावेचे चाचा वल्हं धरून बघत होते.

"मैडम, इसमें तो मेरा अपना हाथ नहीं दिखता, आपकी थाली क्या दिखेगी?"

ताटली वीतभर गेली आणि नाहीशी झाली. इराने वहीत लिहिलं, "एक वीत." मग विचारलं, "आत्या, वीत म्हणजे?" मी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. तिने तिची छोटी वीत वहीवर ठेवून पाहिली. तिथूनच मला ती कल्पना सुचली: रोज एक हरवलेला मराठी शब्द शिकवायचा, आणि तो हाताने करून घ्यायचा. शुक्रवारचा शब्द वीत.

परतताना पुलावरून एका माणसाने कठड्याच्या जाळीवरून निर्माल्याची पिशवी भिरकावली. चांगले कपडे घातलेला माणूस, गाडी चालू ठेवूनच उतरलेला. मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, "आपल्याकडेही असंच करतात." ते खरंच आहे. मुठेच्या काठी उभं राहून यमुनेला नाक मुरडण्यात अर्थ नाही. तिचा आकार मोठा, म्हणून लाजही मोठी दिसते, एवढंच.

रिज

शनिवारी हिंदूरावच्या बाजूने रिजवर गेलो. रिज म्हणजे अरवलीची शेपटी, थेट दिल्लीच्या पोटात शिरलेली. त्या भागाला नाव पडलं ग्वाल्हेरहून येऊन राहिलेल्या मराठा सरदार हिंदूरावांवरून. आता तिथे मोठं रुग्णालय आहे.

"म्हणजे हे पण आपल्यासारखेच, बाहेरून आलेले," अशफाक मुलांना म्हणाला. "फक्त त्यांच्या नावचा बसस्टॉप झाला. आपल्या नावचा होतोय का बघू, परीक्षा निघाली तर."

अशफाकचं वय सत्तावीस. हा त्याचा तिसरा प्रयत्न. त्याच्याकडे बुटांचा एकच जोड, तोही आदल्या दिवशी यमुनेच्या गाळात रुतून वाळत घातलेला. तरी शनिवारी तो सगळ्यात आधी हजर. झाडं त्याला माहीत होती. माझ्यासारखी पुस्तकातून नाही, चारा-जळण-सावली अशी.

शनिवार असल्यामुळे लोक माकडांना केळी घालायला आले होते. गाड्या थांबत होत्या, घडच्या घड उतरत होते. मी मुलांना एका बाजूला घेऊन समजावलं की अशाने माकडं रान सोडून रस्त्यावर येतात, चावतात, गाडीखाली मरतात. एक बाई ऐकत उभ्या होत्या. हातात सहा केळी.

"आप बच्चों को ये सिखा रही हैं? कि हनुमानजी को केला मत दो?"

"हनुमानजी को मंदिर में दीजिए. ये बंदर है, इसका पेट ख़राब होता है."

"हम तो बीस साल से दे रहे हैं."

"तभी तो बीस साल से ये रोड पर बैठे हैं," मी म्हणाले.

पालक हसले. त्या बाई केळी घेऊन तशाच गाडीत बसल्या. मला फार बरं वाटलं. संध्याकाळी मी ते श्रीकांतला दोनदा सांगितलं. आज वाटतं, त्यांच्याशी बोलताना मी निदान एकदा थांबायला हवं होतं. त्या दर शनिवारी काय विचार करून येतात, हे मी विचारलंसुद्धा नाही. मला उत्तर देण्याची घाई होती.

दुपारच्या डब्यातली बाकरवडी माकडाने पळवली. मुलांच्या मते हा त्या दिवसाचा सर्वोत्तम कार्यक्रम. शनिवारचा शब्द होता ढोली, म्हणजे झाडाच्या खोडातली पोकळी.

बनी

रविवारबद्दल लिहिण्याआधी संतोषबद्दल सांगायला हवं.

माझ्या यादीत अजून "श्री. संतोष, शिक्षक" असंच होतं; नुसत्या नावावरून लिहिलेलं, फोनवर तिचा आवाज ऐकल्यावरही बदलायचं राहिलेलं. गाडी थांबली तर शाल गुंडाळलेली, पायात स्पोर्ट्‌स शूज, चाळिशीची बाई पुढे आली. "मैं ही संतोष." तिकडे हे बाईचंही नाव असतं. मी तिथल्या तिथे यादीत दुरुस्ती केली. तिने ते पाहिलं आणि हसली. "कोई ना, बहनजी. बैंकवाले भी यही करते हैं."

ती गावातल्या शाळेत शिकवते. गावाच्या वर, दोन टेकड्यांच्या खोबणीत त्यांची बनी आहे. आपल्याकडच्या देवराईसारखी. एका बाबांच्या नावाने राखलेलं रान. भोवती सगळीकडे वेडी बाभूळ, तिकडे तिला विलायती कीकर म्हणतात, काटेरी, धुळकट. आणि मधेच ही बनी, धौच्या झाडांनी गच्च. धौ म्हणजे आपल्या धावड्याचा उत्तरेतला भाऊ. डिसेंबरात त्याची पानं तांब्याच्या रंगाची होतात. वरून बघितलं की वाटतं, डोंगराच्या ओंजळीत कुणी जुनी भांडी घासून ठेवली आहेत.

संतोष तीन वर्षं एकाच गोष्टीच्या मागे होती. तिला शाळेचा वर्ग महिन्यातून एकदा बनीत भरवायचा होता. झाडं, पक्षी, बिबट्याचे ठसे, सगळं तिथेच शिकवायचं. गावातल्या वडीलधाऱ्यांचा विरोध होता. बाहेरचे लोक येतील, चिप्सची पाकिटं टाकतील, उद्या कुणी कुऱ्हाड घेऊन येईल. विरोधकांत शेवटचा शब्द तिच्या सासऱ्यांचा. सगळा गाव त्यांना ताऊ म्हणतो. शेवटी ते एवढं म्हणाले होते: एकदा करून दाखव, मी बघतो.

ते "एकदा" म्हणजे आमचा रविवार. शहरातली नऊ मुलं आणि शाळेची बावीस एकत्र बनीत फिरणार, आणि दहा वाजता ताऊ स्वतः येऊन बघणार. संतोषने हे मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. "बहनजी, सब आप लोगों पर है." मी वहीत लिहिलं होतं, "१०.०० – ताऊ. शिस्त."

सकाळी साडेसातला संतोषने आम्हांला आत नेलं. बोलणं हळू, चालणं एका रांगेत. धुळीत तरसाचा पाय उमटला होता. ती गुडघ्यावर बसली आणि बोट न लावता त्याची चार बोटं मुलांना मोजून दाखवली. नीलगाईचं शेण, एकाच जागी ढीग. दरीतून मोराचा आवाज. इराला साळिंदराचा काटा सापडला, काळा-पांढरा, तिच्या हाताएवढा.

"ले जाऊँ?" इराने विचारलं.

"देख ले, बेटा. फिर जहाँ था वहीं रख दे."

मी लगेच सगळ्या मुलांना सांगितलं, "वन्यजीव कायदा! प्राण्यांचे अवयव घरी नेता येत नाहीत." संतोष माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होती. पण मी पुढच्या मुद्द्यावर गेले होते.

साडेआठला ती शाळेच्या मुलांना आणायला खाली गावात गेली. आम्ही बनीच्या कडेला, पाण्याच्या टाक्याजवळच्या मोकळ्या जागेत थांबलो. ऊन निघेना. हाडं दुखतील अशी थंडी. मुलांचे ओठ निळे पडायला लागले.

माझ्या यादीत रविवारी, क्रमांक चौदा: "शेकोटी व चहा. सरपण तिथेच मिळेल." हे मी पुण्यात बसून लिहिलं होतं.

"सरपण म्हणजे?" इराने माझ्या खांद्यावरून वाचलं.

"चला!" मी टाळ्या वाजवल्या. "आजचा शब्द सरपण. सरपण म्हणजे जळणाचं वाळकं लाकूड. काड्या, काटक्या, फांद्या. पडलेलं तेवढंच उचलायचं, झाडाचं काही तोडायचं नाही. ज्याचा भारा सगळ्यात मोठा, त्याला पहिला चहा!"

अशफाक माझ्याजवळ आला. आवाज खाली. "मॅडम, बनीतलं घ्यायचं का? आमच्याकडं दर्ग्यामागच्या चिंचेची काडीबी कुणी उचलत नाही. पडलेलीबी."

मी वही उघडून त्याला दाखवलं. संतोषने दोन आठवड्यांपूर्वी नियमांचा व्हॉइस मेसेज पाठवला होता. त्यावरून मी काढलेला मुद्दा क्रमांक तीन: "बनीत झाड तोडू नये."

"तोडत नाही आहोत आपण," मी म्हणाले. "आणि मुलं बघ, कुडकुडतायत."

"बरं," अशफाक म्हणाला. त्याने स्वतः मात्र काही उचललं नाही. टाक्यातून बादलीभर पाणी आणून जवळ ठेवलं.

मुलं धावली. मोकळ्या जागेच्या एका अंगाला वेडी बाभूळ होती, हवी तेवढी वाळकी. पण तिचे काटे. दुसऱ्या अंगाला बनीचे पहिले धौ, खाली गुळगुळीत, छान तुटलेल्या काटक्या. मुलांनी साहजिकच सोपी बाजू धरली. दहा मिनिटांत नऊ भारे. इराचा सगळ्यात मोठा, तिने स्वेटरच्या बाह्यांनी बांधलेला. "सरपण! सरपण!" ओरडत आली. मी दगडांचं रिंगण केलं, वाळकं गवत बाजूला काढलं, वारा कुठून आहे ते बघितलं. शेकोटीबद्दल माझी स्वतंत्र यादी आहे, आणि तिच्यातलं एकही कलम मी चुकवलं नाही.

चहा उकळत होता तेव्हा खालून मुलांची रांग दिसली. निळे स्वेटर, दोन दोन जणांचे हात धरलेले. पुढे संतोष. तिच्या शेजारी पांढरं धोतर, पांढरी पगडी, अंगावर करडी घोंगडी, हातात काठी. इतके ताठ की काठी टेकायला नाही, शोभेलाच असावी.

रांग आधी थांबली. मुलांनी आमच्याआधी ओळखलं. पहिल्या जोडीतली मुलगी धुराकडे बघत जागीच उभी राहिली, मागची मुलं तिच्या पाठीवर आपटली. मग संतोष थांबली. तिचा चेहरा मला आजही नीट सांगता येणार नाही.

ताऊ शेकोटीपाशी आले. वाकून एक न जळलेली काटकी उचलली, बोटांत फिरवली. "ये तो धौ है."

"जी," मी म्हणाले. "पर तोड़ी नहीं है. सूखी थी, नीचे पड़ी थी. हमने बच्चों को बोला था..."

"कीकर उधर पड़ी थी, बेटी. जितनी मर्ज़ी." त्यांनी काठीने वेड्या बाभळीकडे दाखवलं. "बनी का तो पत्ता भी बाहर नहीं जाता."

मोठ्याने नाही. रागाने नाही. मला कुणी रागावलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. तशी माझी सवय आहे.

मग ते संतोषकडे वळले. "बहू, आज क्लास स्कूल में ही लगा ले."

"पिताजी, बच्चों को पता नहीं था..."

"बच्चों की बात नहीं है," ते म्हणाले, आणि वळले.

बावीस मुलं जशी आली तशी दोन दोन करून उतरायला लागली. शेवटच्या जोडीतल्या मुलाच्या हातात घरून आणलेली पुठ्ठ्याची वही होती. वर पिवळ्या खडूने काढलेला मोर.

मी अशफाककडे बघितलं नाही. त्याने बादली उचलली आणि शेकोटी विझवली.

उरलेलं सरपण मुलांनी परत नेलं. इराने प्रत्येक काटकी वेगळी ठेवली. तिला वाटत होतं, जिथून उचलली तीच जागा सापडली पाहिजे. सापडणार कशी? "आत्या, ही इथलीच होती ना?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. मी हो म्हणत होते. मला माहीत नव्हतं.

संतोषने आम्हांला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. हे सगळ्यात जड गेलं. ओसरीवर बाजरीची भाकरी, सरसों का साग, वर लोण्याचा गोळा, गूळ, ताक. आपली भाकरी हातावर थापलेली, पातळ. त्यांची जाड, चुलीच्या आरावर भाजलेली, गोड लागणारी. "खाओ बहनजी, ठंड में अच्छी है." ती मुलांना वाढत होती, इराच्या ताटात गूळ जास्त घालत होती. ताऊ अंगणात खाटेवर हुक्का ओढत होते. आमच्याकडे पाठ नव्हती, तोंडही नव्हतं. निघताना मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. तिकडची रीत ती. पाहुण्याला रिकामं पाठवत नाहीत, पाहुणा कसाही असो.

दारापर्यंत संतोष आली. मी म्हणाले, "माझी चूक झाली. तुम्ही सांगितलं नव्हतं का पडलेल्या लाकडाचं?"

प्रश्न विचारला आणि मला माझीच शरम वाटली. पण तो विचारून झाला होता.

"मैसेज में पूरी बात बताई थी," ती म्हणाली. एवढंच.

परतीचा रस्ता

गाडीत मुलं झोपली. मी फोन कानाला लावला. तो मेसेज चार मिनिटांचा होता. पुण्यात मी तो बॅग भरताना दुप्पट वेगाने ऐकला होता, हातात पेन घेऊन, मुद्दे काढत. मोबाइल रेंज नाही, पाणी सोबत आणा, झाडं तोडू नका. मग ती एक गोष्ट सांगायला लागते. गोष्ट आहे, मुद्दा नाही, म्हणून मी बंद केला होता.

या वेळी मी तो तिच्या वेगाने ऐकला.

ती सांगते की ती लग्न होऊन गावात आली तो पहिला हिवाळा होता. तिचं माहेर दूर, राजस्थानात. तिला बनीचं काही ठाऊक नव्हतं. सासूला ताप होता, घरात जळण संपलेलं. ती वर गेली आणि पडलेल्या काटक्यांचा भारा घेऊन आली. चूल पेटवली. ताऊ शेतातून आले. ओरडले नाहीत. उरलेला भारा तिच्या डोक्यावर ठेवला आणि तिच्या पुढे चालत बनीत गेले. गावातल्या बायका दारात उभ्या. मग म्हणाले, राखही आण. राखसुद्धा तिथलीच आहे. चूल थंड होईपर्यंत ती बसून राहिली आणि राख परातीत घेऊन पुन्हा वर गेली. "उस दिन मुझे बहुत शर्म आई, बहनजी. इसीलिए मैं चाहती हूँ बच्चे बनी को पहले जान लें. आप अपने बच्चों को पहले ही बता देना. उनको मेरे जैसी शर्म न उठानी पड़े."

मेसेज संपला.

"मेधा," मी म्हणाले, "राखेचं काय केलंत?"

"पिशवीत भरली ना. यादीत होतं तुमच्या, ताई." तिने वाचून दाखवलं. "सतरा. राख गार करून भरून आणणे. मागे काही ठेवायचं नाही."

राख आमच्या गाडीच्या मागच्या कप्प्यात होती.

आम्ही बदरपूरच्या अलीकडे होतो. श्रीकांतने आरशातून माझ्याकडे बघितलं. त्याने ऐकलं होतं. "वळवू का? तासाभरात पोचू परत. पण ताई, तुझी गाडी सुटेल."

मंगळवारी विभागात फेरपरीक्षेची पाकिटं उघडायची होती. माझ्या सहीशिवाय ती उघडत नाहीत. मी घड्याळ बघितलं. इरा जागी होती, मांडीवर हात, हाताला अजून धुराचा वास. ती मी काय म्हणते याची वाट बघत होती.

"चल पुढे," मी म्हणाले. "नंतर बघू."

धुक्यामुळे माझी रेल्वे पाच तास उशिरा सुटली. मी फलाटावर बसून होते. तेवढ्या वेळात जाऊन येता आलं असतं.

पुण्यात परतल्यावर

दुसऱ्या दिवशी संतोषला फोन केला आणि राखेचं सांगितलं. म्हटलं, श्रीकांत येत्या रविवारी आणून देईल.

ती म्हणाली, "भाई साहब से ना भिजवाओ. जिसके हाथ से गई, उसी के हाथ से आए तो ठीक. कोई जल्दी नहीं है. जब आओ, ले आना."

"आणि मुलांचा वर्ग?"

"पिताजी उस बात पर अभी बोलते नहीं. मैं भी नहीं छेड़ती." मग आवाज जरा मोकळा करून, "इरा कैसी है? उसको बोलना, उसने लकड़ी ठीक रखी थी. मैं देख आई."

मी इराला सांगितलं. तिने विचारलं, "बिल्कुल ठीक?" मी म्हणाले, "हो, बिल्कुल ठीक."

राख लक्ष्मीबाई नगरला, तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत आहे, स्टीलच्या डब्यात, गुलाबाच्या कुंड्यांच्या मागे. मेधाने कचऱ्याच्या पिशवीतून ती चाळणीने वेगळी काढली. कागदी ताटल्यांचे तुकडे, चहाचा चोथा बाजूला केला. मी तिला सांगितलं नव्हतं, तिने केलं. इराने डब्यावर कागद चिकटवलाय. मराठीत, तिच्या वळणाच्या अक्षरात: "सरपण. बनीचं. हात लावू नये."

आपल्या रविवारच्या गटासाठी मी आल्याबरोबर नव्या यादीला बसले. पाहुणे म्हणून कुठल्याही रानात जाण्याआधी काय विचारायचं, कुणाला विचारायचं. दोन कलमं लिहिली आणि थांबले. सगळं कलमांत बसतं असं आता मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. अशफाकने विचारलं तेव्हा मी वही दाखवली होती. त्याच्याकडे बघायला हवं होतं. त्यालाही फोन करायचा होता. तो मी केला. तो म्हणाला, "मॅडम, सोडा ओ. पोरांना थंडी वाजत होती, हे पण खरंच होतं." त्याने सोडलं, पण माझ्या डोक्यातून काही ते जात नाही.

परवा इराचा फोन आला.

"आत्या, आई म्हणतेय राख गुलाबांना चांगली असते. मी म्हणाले, नो वे. तू कधी येतेस?"

"बघते हं, बाळा."

"तू बघते म्हणालीस मागच्या संडेला पण."

फेरपरीक्षा संपली. रजा शिल्लक आहे. दिल्लीच्या गाड्यांना आता गर्दीही नाही. वहीत एका पानावर दोनच ओळी आहेत, पहिली तिकिटाची, दुसरी "राख परत, स्वतः". दोन्हींच्या पुढे तारखेसाठी जागा सोडली आहे. रोज सकाळी मी ते पान उघडते. त्या अंगणात पुन्हा जाऊन उभी राहणार आहे, तो डबा हातात घेऊन, ताऊंच्या खाटेसमोरून वर चढणार आहे. पेन उचलते. तारीख अजून टाकलेली नाही.